पंचनाम्यातली वानरे

गुरुवार, १४ मार्च १९६३. दुपारी ४ वाजून १० मिनिटे

गारा सुरू. ४-२५ ला बंद. भिंतीवरचे घड्याळ वाचले, म्हणून वेळ खात्रीची. एकोणीस वर्षे नर्स म्हणून या गावच्या पोरांच्या जन्मवेळा टिपल्या, आज माझ्या छपराची मरणवेळ टिपते आहे.

आधी सुपारीएवढ्या, मग लिंबाएवढ्या. छप्पर कौलारू; पहिला कवेलू स्वयंपाकघरावरचा गेला. पाचव्यानंतर मोजणे सोडले.

नथूबाबा पडवीत होता, पायाच्या जखमेची पट्टी बदलायला आलेला. आभाळ पिवळे पडले तसा उठायला लागला. "बाई, सोडा मले. पारावर जा लागते. माया बापानं एक ढग चुकवला नाही." गावाचा गारपगारी तो. उघड्या अंगाने मारुतीच्या पारावर उभे राहून ढगाला त्रिशूळ दाखवला की गारा शिवेबाहेर वळतात, असे गाव मानते, आणि खळ्यावर त्याबद्दल त्याला धान्य घालते. जखम उघडी, पट्टी अर्धी. मी खांदा धरून खाली दाबला. "पाय हलवलात तर कापावा लागेल. ढगाला म्हणावे, थांब जरा."

बसला. माझ्यापुढे डॉक्टरसुद्धा बसत.

पंधरा मिनिटे डोळे मिटून ओठ हलवत होता. दोन कवेलू त्याच्या शेजारी येऊन फुटले. मी पट्टी पूर्ण केली. गाठसुद्धा नीट बसली.


शुक्रवार, १५ मार्च

पश्चिमेचा उतार साफ. पूर्वेचा अर्धा. शाबूत कवेलू २१२. फुटलेले आठशेच्या वर.

गारांचा पट्टा अरुंद होता. टेकडीवरून नाल्याच्या अलीकडे आला, दवाखान्यावरून आणि माझ्यावरून गेला आणि संपला. दवाखान्याला पक्की गच्ची, त्याला काय होणार. नाल्यापलीकडे गावात थोड्या पडल्या, पण तिथे सगळी मातीची सपाट छपरे, धाबी. धाब्यावर पडली गार की वितळते, विषय संपला. पूर्वेकडचा गहू तर उभाच्या उभा.

म्हणजे अख्ख्या गावात कवेलू एकटीचे आणि नुकसानही एकटीचे.

पाटील (आता सरपंच म्हणायचे) बघायला आले. मान वर करून माझ्या घरातून आभाळ पाहिले.

"बाई, तुमाले तवाच म्हनलं होतं, धाबं टाका."

"तुमच्या धाब्यातून विंचू पडतात, पाटील. तुमच्या मधल्याच्या वेळी माझ्या मानेवर पडला होता. एका हातात विंचू आणि एका हातात तुमचा मुलगा."

हसले. माणूस वाईट नाही. त्यानेच तर सगळे अवघड होते.

धाबे आता शक्य नाही. माझ्या भिंती एका विटेच्या, मातीचा भार घेणार नाहीत. कवेलू पुन्हा नकोत. हे नांदुऱ्याहून वॅगनने मागवले होते, वडील तिथे मालधक्क्यावर कारकून होते तेव्हा. ५८ साली ऐंशी फुटले, ते बदलले. तिसऱ्यांदा फुटायला नवे आणू? टिनच हवे. टिनावर गार पडली तर कान फुटतील, छप्पर नाही.


सोमवार, १८ मार्च

तालुक्याला. बस दीड तास उशिरा.

अर्ज इंग्रजीत केला होता, सुवाच्य. कारकुनाने उलटा धरून वाचला. मग म्हणाला, चीनच्या लढाईपासून टिन बंद आहे. परमिट फक्त नैसर्गिक आपत्तीतल्या लोकांना. पटवाऱ्याचा पंचनामा, पाच पंचांच्या सह्या, मग पाहू.

"मग पाहू" म्हणताना तो माझ्याकडे पाहत नव्हता, पंख्याकडे पाहत होता. पंखा बंद होता.

ठीक. आपत्ती नैसर्गिक आहे. पंच गावात आहेत. पाचापैकी चौघांच्या घरी मी बाळंतपणे केली आहेत. आठवड्यात काम व्हायला हरकत नाही.


गुरुवार, २१ मार्च

आज अक्षर बिघडले आहे. रागाने. वयाने नव्हे.

पटवारी आला. चावडीवर पाचही पंच. पटवाऱ्याने विचारले, गारपीट कधी झाली? मग पाटील म्हणाले, "गार कुठी पडली? नथूबाबानं शिवेवरूनच वळवली. गहू पाहा ना, एक उंबी नाही झडली."

मी: माझ्या छपरावर मग काय पडले?

"वानरं असतीन, बाई."

"पंधरा मिनिटांत आठशे कवेलू?"

"लय होते वानरं," मागून कोणीतरी. चावडी हसली. पटवारीही हसला आणि लिहू लागला.

पंचनाम्यात काय आहे ते इथे उतरवून ठेवते: गारपीट निरंक. श्रीमती नर्सबाई यांच्या राहत्या घराचे कवेलू वानरांनी फोडले. खाली पाच सह्या, त्यात दोन अंगठे.

मी उभी राहिले. म्हणाले, "तुमचा नथूबाबा त्या वेळी पारावर नव्हताच, तो माझ्या—"

तो दारातच बसला होता. पट्टीचा पाय लांब करून. सकाळी मीच बांधलेली पट्टी. माझ्याकडे पाहत नव्हता, पायाकडे पाहत होता.

खोकला आल्यासारखे केले. पाटलांनी पाणी मागवले. पाणी प्यायले आणि घरी आले.

पुरावाही नाही. गारा वितळल्या.


शुक्रवार, २२ मार्च

न.बा. ची पट्टी. जखमेची कड गुलाबी, चांगली चिन्हे.

विचारले, "बाबा, तुम्ही सांगितले का नाही कोणाला?"

"कोनी इचारलंच नाही, बाई. गारा थांबल्या, मी पारावर गेलो, तं सारे पाया पडून राह्यले."

"मग?"

"मंग काय. आशीर्वाद देल्ला."

मी बोरिकची बाटली बंद करत असताना: "तुमी मले बसवलं, म्हनून गार तुमच्यावर आली. शेतावर जाऊन राह्यली होती ते. इथं मी दिसलो तिले."

म्हटले, ढगाला माझा पत्ता कोणी दिला? पोस्टमनने? हसला नाही. माझ्या मोकळ्या आढ्याकडे बघत बसला. मी फार संतापले. कोणावर ते कळले नाही.


शनिवार, २३ मार्च

पाटील पुन्हा, मुद्दाम एकटे. पायरीवर बसले, वर आले नाहीत.

"बाई, रागावू नका. गार पडली असं लिहून द्याचं म्हनजे नथूबाबा खोटा पडला. म्हातारा हाय, पोरगं अकोल्याले मिलमंदी, मांगं कोनी नाही. अन् आज आमी कागदावर त्याले खोटं ठरवलं, तं पुढच्या साली ढगापुढं कोन उभं राहीन? तुमी?"

म्हटले, मी राहीन, पगार काय?

"पाहा. हे असं बोलता म्हनून लोक सही करत नाहीत."

म्हणजे आता माझी जीभही पंचनाम्यात.


मंगळवार, २ एप्रिल

वसंताचे पत्र. माझ्या बहिणीचा मुलगा, नागपूरला चांगल्या नोकरीत. "मावशी, या वयात एकटीने छप्पर कशाला उभे करतेस? घर विकून टाक. मागच्या व्हरांड्याला तट्टे लावून तुझी सोय करू."

तट्टे. तट्ट्यांचीच सोय हवी असेल तर ती मला इथेही आहे.

पत्र प्रेमाचे आहे. म्हणून उत्तर लिहिता येईना.

हे घर माझ्या नावावर आहे. आयुष्यात माझ्या नावावर झालेली ही एकच गोष्ट. वसतिगृहातली खाट सिस्टरांची, क्वार्टर सरकारचे. इथे पहिल्या दिवशी मी दाराला आतून कडी घातली आणि अर्धा तास नुसती बसले होते. कोणी दार वाजवले तर उघडायचे की नाही, हे मी ठरवणार होते. व्हरांड्याला कडी नसते.


मंगळवार, ९ एप्रिल

ऊन घरात घड्याळासारखे फिरते. आठला ट्रंकेवर, दहाला पलंगावर, बाराला चुलीवर. पलंग दिवसातून तीनदा सरकवते. कमरेचे तुकडे.

दुपारी पाटलीणबाईने गाडीभर तुराट्या पाठवल्या, बांधायला दोन गडी, आणि वर ताकाचा गडवा. गड्यांनी पश्चिमेचा उतार तुराट्यांनी झाकून दिला. मोबदला विचारला तर कानांना हात. "तुमच्याकडून घेतलं तं माय घरात घेनार नाही."

सही सोडून हे गाव मला काहीही द्यायला तयार आहे.


सोमवार, १५ एप्रिल

संध्याकाळी अवकाळी, दहा मिनिटांचीच. तुराट्यांतून पाणी गाळून आल्यासारखे स्वच्छ पडत होते. पीठ भिजले, गादी भिजली. माझी प्रमाणपत्रे ट्रंकेत होती, ती कोरडी. काय उपयोग.

छपराच्या लाकडी रिपा वाकल्या आहेत. सुतार म्हणतो, मृगाचा पहिला नीट पाऊस आला तर आढे खाली येईल, मग टिन मिळूनही ठेवायला जागा नाही. मृग सात जूनला. आज पंधरा एप्रिल. बेरीज-वजाबाकी मला येते.


मंगळवार, १६ एप्रिल

तालुका, दुसरी खेप. कारकुनाने पंचनामा वाचला. या वेळी सरळ धरून.

"बाई, वानरांसाठी तरतूद नाही."

नायब तहसीलदार साहेबांना भेटले. तरुण आहे, बोलणे सभ्य. खुर्ची दिली. म्हणाला, पंचनामा पंचांनीच बदलायला हवा. नाहीतर त्या वेळी जागेवर प्रत्यक्ष हजर असलेल्या तिऱ्हाईत माणसाचा जबाब आणा, अंगठा चालेल, मी स्वतः शिफारस करतो. "होतं का कोणी तुमच्याकडे त्या वेळी?"

म्हटले, आठवून सांगते.

आठवावे लागते, मला! जिला १९४४ सालचे आडवे आलेले मूल कोणत्या हाताने फिरवले ते आठवते.


गुरुवार, १८ एप्रिल

जबाब लिहून काढला. सहा ओळी. "दि. १४ मार्च रोजी दु. ४-१० ते ४-२५ या वेळात मी नर्सबाईंच्या पडवीत होतो. पारावर नव्हतो. गारा पडल्या, त्या मी डोळ्यांनी पाहिल्या." अक्षर चांगले आले. खरे लिहिताना अक्षर चांगले येते, असे नाही. सवय.

न.बा. पट्टीला आला. कागद उशीखाली. जखम जवळजवळ भरली, आता दोन दिवसांआड आला तरी चालेल, असे सांगितले. कागदाचे बोलले नाही.


शनिवार, २० एप्रिल

बोललेच.

वाचून दाखवला. दोनदा वाचायला लावला. "पारावर नव्हतो" हे मी वाचले तिथे बोट ठेवून विचारले, "हेच का ते?" हो म्हटले. शाईचा डबा पुढे केला. दिला अंगठा. एवढ्या सहज की मीच म्हणाले, विचार करा.

"इचार कायचा? खरं हाय ते. तुमचं घर गेलं ना."

अंगठा धोतराला पुसत उठला. उंबऱ्यात थांबला. "फकत एक, बाई. मी मेल्यावर पाठवलं तं लय बरं होईन."

"मला जूनच्या आत छप्पर हवे. त्याआधी मरायचा बेत आहे का?"

तेव्हा हसला, गारांनंतर पहिल्यांदा. "तुमी मरू द्यान तं ना. पट्टी काय बांधता, पट्टी."

काठी टेकत गेला. खळ्यांवर मळणी चालू आहे. वाटेत कोणीतरी त्याला हाक मारून सुपात गहू घातला, मी खिडकीतून पाहिले. घालणाऱ्याने आधी स्वतःच्या पायातली वहाण काढली, मग घातला.


सोमवार, २९ एप्रिल

वसंताचे दुसरे पत्र. रविवार २६ मे ला येतो आहे, ओळखीच्या माणसाचा ट्रक घेऊन. "सामान बांधून ठेव. तोवर छपराचे काही झाले तर कळव, मी येणार नाही. पण मावशी, होणार नाही."

शेवटचे दोन शब्द खोडून पुन्हा लिहिलेले. आधी काय लिहिले होते ते उजेडाला धरूनही दिसले नाही.

पाटलीणबाई येऊन रडून गेली. "तुमी गेल्यावर माया सुनेचं कोन पाहीन?" तिच्या सुनेला सातवा महिना. म्हटले, वानरांना बोलवा. नको होते म्हणायला. बाई चांगली आहे.


मंगळवार, ७ मे

तालुका, तिसरी खेप. जबाब पिशवीत, पिशवी मांडीवर.

नायब साहेबाने स्वतः विचारले, "आणला का जबाब?"

"नाही."

मी म्हणाले. माझ्या तोंडून. तो म्हणाला, "मग बाई, माझे हात बांधले आहेत." हात टेबलावर मोकळे होते, पण त्याचे खरे होते.

परतीच्या बसमध्ये जानेफळपर्यंत स्वतःला शिव्या दिल्या, पुढे थकले.

मी दयाळू आहे असे कोणी समजू नये, निदान मी तरी समजू नये. कारण इतकेच. उठत होता तेव्हा मी त्याला खाली दाबले. हात माझा. तो गेला असता तर गारा वळल्या असत्या असे मी मानत नाही, मेले तरी मानणार नाही. पण तो मानतो. आपण चुकलो असे मानून तो माझ्यापुढे बसतो, दर पट्टीला, पाय पुढे करून. आणि त्याचा अंगठा मी तिऱ्हाईत म्हणून जोडणार? जो तिऱ्हाईत नव्हताच?

हे नायब साहेबाला कोणत्या रकान्यात सांगू?


शुक्रवार, १० मे

न.बा. आला. पाय पूर्ण भरला. पट्टी शेवटची. विचारले नाही त्याने, पाठवला का म्हणून. मीही सांगितले नाही. जाताना म्हणाला, "लोक म्हनून राह्यले, बाई नागपूरले चालल्या."

"लोकांना काय, लोकांना वानरेही दिसतात."

"तुमी गेल्या तं मायं खोटं कोनाले माहीत राहीन?" असे म्हणाला, आणि त्याचा अर्थ भीतीचा होता की दुसराच काही, हे अजून कळले नाही.


सोमवार, १३ मे

कॉन्व्हेंटात खोटे बोलले की सिस्टर जिभेला साबण लावत. आज अडतीस वर्षांनी ती चव पुन्हा आली.

खालील पत्र तहसीलदार साहेबांना, रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह. नक्कल इथे ठेवते. न.बा. चा कागद सोबत नाही. तो ट्रंकेत, प्रमाणपत्रांखाली.

"महाशय,

माझ्या तीन खेपांत मी आपल्या कचेरीत दि. १४ मार्च रोजी येथे गारपीट झाली असे सांगितले. ते विधान मी मागे घेते. गारपीट झाली नाही. या गावचे गारपगारी नथूबाबा यांनी ती वळवली, असे पाच पंच म्हणतात. त्यांच्याविरुद्ध माझे काही म्हणणे नाही. माझे कवेलू वानरांनी फोडले. पंचनामा मला अक्षरशः मान्य आहे.

आपला कारकून म्हणतो, वानरांसाठी तरतूद नाही. वानर हे सरकारने केलेले नाहीत, मीही केलेले नाहीत. ते निसर्गाने केले. पंधरा मिनिटांत आठशे कवेलू फोडणारी वानरे ही आपत्ती नाही असे आपले म्हणणे असेल, तर ती मंगलकार्ये समजावीत काय? मी एकोणीस वर्षे सरकारची चाकरी केली. त्या काळात रकाना नाही म्हणून एकही बाळंतीण दारातून परत पाठवली नाही.

सुतार सांगतो, मृगापर्यंत आढे टिकणार नाही. दि. २६ रोजी सकाळी मला येथून नेण्यासाठी गाडी येत आहे. एकदा सामान चढले की मी परत येणार नाही, हे माझ्या वयावरून आपण समजू शकाल.

तरी वानर ही नैसर्गिक आपत्ती नाही, असे कोणत्या नियमाच्या कोणत्या कलमात लिहिले आहे ते मला कळवावे. तसे कलम नसल्यास टिनाचे परमिट पाठवावे. दोहोंपैकी जे असेल ते, तोंडी नको, कारकुनाकरवी निरोप नको, आपल्या सहीचे लेखी उत्तर, शनिवार दि. २५ मे १९६३, दुपारी बाराच्या आत."